पेवातली शिंक

सासरी येऊन मला वर्षही झालं नव्हतं आणि माहेरची वाकून बघायची खोड काही सुटली नव्हती. रांजण असो की आड, आत काय आहे ते मला बघायचंच असे.

त्या साली गेवराईकडं पाऊस झाला नाही. सरकारनं आमच्याच शेतसाऱ्यातला पैसा एका पेढीला दिला. पेढीनं ज्वारी घ्यायची, गावच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्यात भरायची आणि उन्हाळ्यात लोकांना वाटायची. पेढीचा मुनीम म्हणाला, पेव भरलं. पण ज्वारीच्या गाड्या येताना कुणीच पाहिल्या नव्हत्या. घरोघरच्या कणग्या तर खरवडून झालेल्या. पाटलांनी अर्ज दिला, तेव्हा तहसीलदार तपासायला आले.

पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवली. वर टपोरी ज्वारी दिसली.

"खाली काय हाय, ते दावा," पाटील म्हणाले.

"उतरा की मालक," मुनीम हसला. "वाफंनं गुदमरला तर मला बोलू नका."

पेवातल्या धान्याला वाफ धरते, तिच्यात माणूस मरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुणी पुढं होईना. पेव भरलेलं आहे, अशी सही करायला तहसीलदारांनी कलम काढलं.

मी घागर घेऊन बायकांत उभी होते. वाफ दिसते तरी कशी, म्हणून वाकले आणि घागरीसकट आत गेले! ज्वारीखालचं तरट फाटलं, मी गळ्यापर्यंत रुतले. संपलंच म्हणायचं. डोळे मिटून ओरडले, "माझी नथ धाकट्या जावंला द्या!"

आणि शिंकले. मग शिंकतच सुटले.

काठावरून सासूबाई खेकसल्या, "मरायलीस तर गुमान मर! शिंकायलीस कावून?"

तहसीलदारांचं कलम थांबलं. मला दोरानं वर ओढलं. केसात, नाकात, लुगड्यात सगळं भुसकट.

"बाईनंच पदरात आणलं असंल," मुनीम म्हणाला.

"पेवभर?" सासूबाईंनी विचारलं.

सगळ्यांदेखत पेव उपसलं. वीतभर ज्वारी, बाकी भुसकट. मुनीम पेढीच्या मालकाकडं बोट दाखवू लागला, तेव्हा त्या मालकालाही शिपायांनी आणलं. दोघांची रवानगी बीडच्या तुरुंगात झाली आणि पेढीच्या कोठारातली ज्वारी आमच्या पेवात आली. भरताना नवा मुनीम म्हणाला, "वरून बघितलं की बास."

"आमच्या सुनंला ढकलू का आत?" सासूबाई म्हणाल्या. त्यानं गपचूप एकेक पोतं सोडून दाखवलं.

उन्हाळाभर गावानं त्याच ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. माझी नथ मात्र जावेच्या नाकातून काढायला मला लई भांडावं लागलं.