फोटोतले हे कोण?

जुने फोटो जमवायला निघालो आणि फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठले. फोटोंना निदान रजिस्टर होतं. किश्शांना आम्ही दोघंच, मी आणि अप्पा.

अप्पा म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दुसरं महायुद्ध चालू असताना त्यांनी साताऱ्यात इतिहास-संग्रह काढला. संग्रह म्हणजे एक खोली, दोन कपाटं आणि मी! कुठलाही फोटो दिसला की अप्पांचा एकच सवाल, "यातले हे कोण?"

*

फलटणजवळ एका बागायतदाराकडं देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक दाढीवाला गोरा साहेब होता. गळ्यात ताजा हार!

"हे कोण?" अप्पांनी विचारलं.

"ठावं न्हाई. म्हाबळेश्वरला बंगल्याचा लिलाव झाला, तवा आणलाय. फ्रेम लय झ्याक हाय."

"आणि हार?"

"आवं, सगळ्यास्नी घालतो. ह्यालाच कसा वगळायचा?"

*

सांगलीत एका जैन व्यापाऱ्याच्या पेढीवर त्यांच्या आजोबांचा फोटो होता.

"आजोबा कधी गेले?"

"मी जन्मायच्या आधी."

"आणि फोटो?"

"माझ्या लग्नातला."

अप्पांनी चष्मा काढला.

"त्यांचा फोटोच नव्हता हो. मग काकांना आजोबांचा फेटा बांधून बसवलं."

"म्हणजे हे काका!"

"छे छे! काका त्या भिंतीवर."

*

मिरजेत सतारी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं ग्रुप फोटो मिळाला. आठ माणसं स्पष्ट, नवव्याच्या डोक्याच्या जागी नुसता धूर.

"हे कोण?"

"माझा भाऊ. फोटोवाला म्हणाला, हलू नका. म्हणून हलला."

अप्पांनी रजिस्टरात लिहिलं: 'भाऊ (हलला)'.

*

एकदा मागच्या लढाईवर, म्हणजे पहिल्या महायुद्धावर, गेलेल्या एका पलटणीचा फोटो हाती आला. चाळीस जवान, सारखे फेटे, सारख्या मिशा. नाव एकाचंही नाही. अप्पांनी आसपासच्या गावांत निरोप धाडले.

कोरेगावकडून पन्नाशीची एक बाई आली. नवरा त्या लढाईतून परतला नव्हता, आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. तिनं भिंग घेतलं. पहिली रांग झाली, दुसरी झाली. तिसरीतल्या एकावर तिनं बोट ठेवलं.

"ह्ये."

नाव विचारलं, तर तोंड भिंतीकडं करून हळूच सांगितलं. फोटोखाली आम्ही ते नाव लिहिलं.

महिन्याभरानं वाईकडची दुसरी बाई आली. तिचीही तीच कथा. तिनंही भिंग घेतलं, एकेक रांग बघत गेली, आणि त्याच माणसावर बोट ठेवलं!

मी घाईनं म्हणालो, "बाई, नीट बघा."

"आवं, माज्या मालकास्नी मी वळखनार न्हाई व्हय?" ती म्हणाली, आणि पदरानं फोटो पुसायला लागली.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी टाक उचलला.

"नाव सांगा, बाई."

तिनं सांगितलं. अप्पांनी ते पहिल्या नावाखाली वळणदार अक्षरात लिहिलं.

बाईला वाचता येत नव्हतं. तिनं ओळींवर बोट टेकवलं.

"खालचं ह्यांचं नाव. मग वर काय लिवलंय?"

"पलटणीचं नाव," अप्पा म्हणाले.