दादाने लिहिलेलं पहिलं रीडिंग

दादाला पहिल्यांदा कुणी ‘सर’ म्हणून हाक मारली, तेव्हा हा मागे वळून बघायला लागला, कोण आलंय म्हणून. एकसष्ट वर्षांचा माणूस! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आधी हसू आलं, मग वाईट वाटलं.

माझा हा थोरला भाऊ बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. नळ्या धुवायच्या, स्टँड मांडायचे, फुटलेल्या काचा गोळा करायच्या. वडील गेले आणि याची शाळा नववीतच सुटली, पण प्रयोग मात्र सगळे येत. निवृत्त झाल्यावर घरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल चिकटवायला लागला. मिठाच्या डब्यावर तारीखसुद्धा! वहिनीने माझ्यापुढे हात जोडले. “वन्सं, यांना कुठेतरी अडकवा, नाहीतर मी चालले माहेरी.”

मी धर्मविद्यालयात स्वयंपाक करते. पुढे धर्मोपदेशक होणारी अठरा मुलं तिथे राहून शिकतात. ग्रंथांची पानंच्या पानं त्यांना तोंडपाठ. पण उद्या लोक यांना ग्रहणाबद्दल विचारणार, लस टोचून घ्यावी का विचारणार, तेव्हा ही काय सांगणार? म्हणून विश्वस्तांनी ठरवलं, ग्रंथांबरोबर विज्ञानही शिकवायचं, प्रयोगांसकट. एक वर्ष करून बघायचं, शेवटी परीक्षा घ्यायची, आणि वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते मोठे गुरुजी सांगतील. पदवीवाला कुणी एवढ्या आडबाजूला येईना. मी दादाचं घोडं पुढे दामटलं.

वर्षभर दादा काय खुशीत होता! इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वहिनीसमोरही मुद्दाम “आमच्या वर्गात” असं म्हणायचा. वर्ग बंद झाला तर हा पुन्हा डब्यांपाशी येऊन बसणार, आणि या वेळी उठणार नाही, अशी मला धास्ती होती.

परीक्षेचा प्रयोग साधाच होता. पाणी उकळायचं आणि किती अंशांवर उकळलं ते लिहायचं. थर्मामीटर एकच, म्हणून एकेकाने यायचं, वाकून बघायचं, जागेवर जाऊन वहीत लिहायचं. शेगडी आणि पातेलं माझं, म्हणून मी दारात उभी. मोठे गुरुजी स्वतः खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या पुढचे, जाड चष्मा. जुन्या पोथ्यांच्या चार-चार प्रती शेजारी ठेवून नकलणारा कुठे चुकला ते शोधण्यात जन्म गेलेला.

दादा पातेल्याजवळ उभा. प्रत्येक मुलगा वाकला की याचे ओठ हलत. मी म्हटलं, देवाचं नाव घेतोय.

अठरा वह्या गोळा झाल्या. अठराही वह्यांत शंभर. दादाचा चेहरा उजळला. गुरुजी उठले, पातेल्याशी वाकले. चष्म्यावर वाफ आली, तो पुसून पुन्हा वाकले.

“मला अठ्ठ्याण्णव दिसतंय,” ते म्हणाले. “डोळे म्हातारे झालेत. तू बघ रे.”

पुढच्या बाकावरचा मुलगा आला. “अठ्ठ्याण्णवच आहे, गुरुजी.”

“मग वहीत शंभर कसं?”

“पुस्तकात शंभर आहे. आणि सरांनी पण...” त्याने जीभ चावली.

गुरुजींचा आवाज चढला नाही. “पाठांतर आमच्याकडे पोत्याने आहे. एका तरी वर्गात मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून मी विश्वस्तांशी भांडलो. तो वर्ग हाच का?”

मुलांच्या ऐकण्यात चूक झाली, एवढं म्हणून दादाला निसटता आलं असतं. तो म्हणाला, “मुलांचा दोष नाही. मीच हळूच सांगत होतो. कॉलेजातही हेच करायचो. सामान जुनं, आकडे चुकीचे यायचे, पोरांचे गुण जायचे. मला बरोबर आकडे पाठ होते. दया येऊन सांगायला लागलो, मग सवयच पडली. पोरं मला रीडिंगकाका म्हणायची.”

मी मनात कपाळावर हात मारला. अरे बाबा, एवढं सगळं ओकायची काय गरज होती? गेलास आता घरी!

गुरुजींनी विचारलं, “मग खोटं कोण? पाणी, पुस्तक की हे यंत्र?”

दादा माझ्याकडे वळला. “बेबी, फ्रिजमधला बर्फ आण. कुटून आण.”

या वयात सगळ्यांसमोर बेबी! पण पळत गेले. कुटलेल्या बर्फात थर्मामीटर उभा केला, पारा खाली खाली गेला आणि शून्याच्याही खाली दोनवर थांबला.

“शून्यावर थांबायला हवा होता,” दादा म्हणाला. “दोन अंश कमी दाखवतोय. पुस्तक बरोबर आणि तुमचे डोळेही बरोबर.”

गुरुजी चक्क हसले. “म्हणजे नकलणाऱ्याची चूक! आमच्या पोथ्यांत हेच असतं. पण ती सापडते कधी? समोर दिसतं ते आधी तसंच्या तसं उतरवलं तर. अठरा जणांनी शंभर लिहिलं; मी उठलो नसतो, तर हे यंत्र जन्मभर खोटं बोलत राहिलं असतं.” मग मुलांकडे वळून म्हणाले, “सगळे नापास. कोरं पान काढा. पाणी पुन्हा ठेवा.” आणि एक नवी वही दादापुढे धरली. “आधी तुम्ही.”

“मी? मी फक्त मांडून देतो, गुरुजी.”

“बत्तीस वर्षांत स्वतः एकदाही लिहिलं नाहीत?”

“शिपायाला कोण वही देतंय?”

पाणी उकळलं. दादा वाकला. इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, विसरला की काय. मग बाकावर बसून नववीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं : अठ्ठ्याण्णव. खाली आणखी एक ओळ : थर्मामीटर दोन अंश कमी दाखवतो, बर्फात तपासला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यावर ढकलायला हातात कांदाही नव्हता.

गुरुजींनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि खाली सही केली. “वर्ग राहील,” म्हणाले. “सर, पहिल्या मुलाला बोलवा.”

दादाने मागे वळून पाहिलं नाही. “ये रे,” म्हणाला, आणि पातेल्याकडे पाठ करून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.