जजसाहेबांची साक्ष

जजसाहेब ऐकायला बसले की डोळे मिटून घेत. समोरच्याला वाटे, म्हाताऱ्याला झोप लागली. तो बोलायचा थांबला की मिटल्या डोळ्यांनीच हुकूम येई, "पुढे?"

सिंगापूरच्या बुकित बातोकला त्यांच्या मुलाचा फ्लॅट आमच्या शेजारीच. तिथे राहायला आले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, मग थोडा काळ राज्याचे कायदामंत्री. पक्षातल्या एका वजनदार माणसावरचा खटला मागे घ्यायला नकार दिला आणि मंत्रिपद गेलं. विचारलं तर म्हणत, "खुर्चीचं काही वाटलं नाही हो. पण पुढे कितीतरी दिवस मी सकाळी तयार होऊन लाल दिव्याच्या गाडीची वाट बघत पोर्चमध्ये उभा राहायचो. बायको हसायची."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पद जातं, पण गावभरचे तंटे त्यांच्याकडेच येत राहतात. लिफ्टमधून ड्युरियन हे उग्र वासाचं फळ आणणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार माझ्या मुलीने त्यांच्याकडे नेली. त्यांनी शेजाऱ्याकडे जाऊन फळ खाल्लं आणि निकाल दिला, "माणूस निर्दोष. वास दोषी."

"कॅनॉट लाइक दॅट ला, आबा!" असं कुठे असतं का, म्हणून मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत चिडली.

मग तो अपघात झाला. लिटिल इंडियातून किराणा घेऊन बापलेक परतत होते. मुलगा गाडी चालवताना ऑफिसच्या फोनवर बोलत होता. सिग्नल लाल होता. रस्ता ओलांडणारी एक सफाईकामगार बाई गाडीखाली येता येता वाचली, पण तिचं कमरेचं हाड मोडलं. मुलाने पोलिसांना सांगितलं, सिग्नल हिरवा होता. बाईला त्या क्षणाचं काही आठवत नव्हतं. दुसरा साक्षीदार एकच, शेजारच्या सीटवर बसलेले वडील. पोलीस अधिकारी त्यांचा जबाब घ्यायला घरी येणार होता.

त्या दुपारी सून माझ्याकडे आली. "ताई, तुम्ही चला. बाबा तुमचं ऐकतात. डोळे मिटले होते, एवढंच त्यांनी म्हणायचं. सगळ्यांना माहितीये ना त्यांची सवय!"

मी गेले. जजसाहेब खिडकीशी बसले होते. मुलगा येरझारा घालत होता.

"बाबा, माझी नोकरी जाईल. सिटिझनशिपचा अर्ज अडकेल. तुरुंगातसुद्धा जावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणूनच म्हणतो, तो आला की तू आधी बोल. स्वतःहून सांगितलंस तर फरक पडतो. तू नाही बोललास, तर मला बोलावं लागेल."

"तुम्ही आता कोर्टात नाही आहात!"

"नाही," ते म्हणाले. "कोर्टात असतो तर मुलाचा खटला मी घेतलाच नसता. दुसऱ्याकडे दिला असता. इथे दुसरा कोणी नाही रे."

सून माझ्याकडे बघत होती. मी जजसाहेबांपुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

बेल वाजली. अधिकारी कोवळा, अदबीने बोलणारा होता. त्याने विचारलं, "अंकल, लाइट कुठला होता?"

जजसाहेबांनी मुलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि सून दचकली. मुलाची मान वर झाली नाही.

"रेड," जजसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे सताड उघडे होते.

मुलगा उठून आत गेला. दार आपटलं.

पुढचे महिने वाईट गेले. नोकरी गेली, लायसन्स गेलं, काही आठवड्यांचा तुरुंगवास झाला. एका घरात राहून मुलगा बापाशी चकार शब्द बोलत नव्हता. "नागपूरला आपल्या घरी परत जा" असं त्यांना आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "शिक्षा त्याला झालीये. मी कुठे पळू?" बसने ते त्या बाईला भेटायला हॉस्पिटलात जात. ती बाई चिनीत बोले, हे मराठीत. ती काठी घेऊन चालू लागली त्या दिवशी त्यांनी आमच्या मजल्यावर पेढे वाटले.

मुलगा सुटून आला तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालत होते. दाराची जाळी लोटून तो आत शिरला. बाप टेबलाशी बसलेला. मी मुद्दाम पाठ फिरवली, पण कान तिकडेच.

"जेवलात?" मुलाने विचारलं.

"थांबलो होतो," जजसाहेब म्हणाले.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.