चकाकणारी चिंधी

भिवंडीत माणूस काहीही पुसतो ते चिंधीने. फुकट मिळते, मऊ असते. दादा डाइंगमध्ये, म्हणजे कापड धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे आमच्याकडे तर पांढरीशुभ्र, धुतलेली चिंधी. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं, तेव्हा पिशवीभर चिंधी मीच ऐटीत आणून ठेवली.

मशीन हुशार. घशातल्या नमुन्यात एक रसायन घालायचं आणि काचपट्टी आत सरकवायची. आत निळा प्रकाश पडतो. फ्लूचा विषाणू असला तर रसायन त्याला चिकटून चकाकतं. पंधरा मिनिटांत निकाल. नाहीतर नमुना मुंबईला पाठवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बसा वाट बघत.

त्या सकाळी वहिनी आली. आठवा महिना, अंग तापाने फणफणलेलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, फ्लू असेल तर औषध आजच सुरू व्हायला हवं, नसेल तर दुसरं काय आहे ते लगेच शोधायला हवं.

निकाल आला, फ्लू. पण तिच्या आधीच्या चौघांनाही फ्लू. नुसता दाखला हवा म्हणून दापोड्याहून आलेल्या ठणठणीत ड्रायव्हरलाही फ्लू. मॅडमनी मशीन बंद केलं. "परत पाठवा हे. नमुने मुंबईला."

माझं डोकंच सटकलं. उद्यापर्यंत वहिनीने काय करायचं? "दहा मिनिटं द्या, मॅडम," म्हटलं आणि कोरी काचपट्टी पुसून आत सरकवली. नमुना नाही, रसायन नाही. तरी चकाकली. मग हातातली चिंधीच त्या प्रकाशाखाली धरली. अगं बाई, ट्यूबलाइटच ती! कापड पांढरं दिसावं म्हणून डाइंगमध्ये जी पावडर घालतात, तिचाच हा उजेड. आणि मी सकाळपासून एकेक पट्टी प्रेमाने पुसत होते.

"चूक माझी आहे, मशीनची नाही," मी सांगून टाकलं. लाज वाटली, पण आता खात्रीही होती.

मशीनमधली पट्टी ठेवायची जागा धुतली, न पुसलेल्या नव्या पट्ट्या घेतल्या, सगळे नमुने पुन्हा लावले. ड्रायव्हर सुटला, ते चौघेही सुटले. वहिनीची पट्टी मात्र चकाकली.

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"नक्की. माझी वहिनी आहे ती."

दुपारच्या जेवणाआधी औषध तिच्या पोटात गेलं. खात्रीसाठी तिचा नमुना मुंबईलाही पाठवला होता, त्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, त्यातही फ्लूच होता.

दोन महिन्यांनी वहिनी लेकीला दाखवायला लॅबमध्ये आली. पोरगी डाइंगच्याच पांढऱ्याशुभ्र दुपट्यात. मी दारातच अडवलं, दुपटं बाहेरच्या बाकावर ठेवायला लावलं आणि मगच भाचीला उराशी धरलं.