आधी शेजाऱ्याला विचारायचं

करंजखोलची जवळजवळ सगळी जमीन बहारीनमध्ये विकली गेली, असं सांगितलं तर तिथला तलाठीसुद्धा हसेल. पण खरं आहे. गाव दापोलीच्या बाजूला, खाडीच्या काठी, एसटी जिथं वळते त्याच्याही पुढे. आणि त्याचे सौदे व्हायचे मनामाच्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, एका मलबारी हॉटेलात, शुक्रवारच्या नमाजानंतर. गावातले कमावते पुरुष सगळे इथंच, बहारीनला. कोणी ड्रायव्हर, कोणी फोरमन, कोणी दुकानात. दुधाचा चहा यायचा, गावची खबरबात व्हायची, आणि मधेच कोणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "माझं वरचं ठिकाण विकायला काढायचं म्हणतोय." की लगेच सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळायच्या.

तो माणूस म्हणजे अलीमियाँ हमदुले. रंगाच्या डब्यांच्या दुकानात स्टोअरकीपर. अंगाला सदोदित टर्पेंटाइनचा वास, बोलणं बेताचं, आणि खिशातून पैसे काढायचे तर आधी दहादा विचार. अशा माणसाकडे लोक का बघायचे? तर गावची रीत. जमीन विकायची झाली तर आधी शेजाऱ्याला विचारायचं. ज्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली हद्दीची भिंत, तुमच्या गडग्याला लागून असेल त्याचा पहिला मान. तो 'नको' म्हणाला तरच बाहेरचं गिऱ्हाईक. ही रीत मोडली तर मशिदीत कुठल्या तोंडानं उभं राहणार?

अलीमियाँच्या बापाचं होतं काय? एक घर आणि परसात चार माड. शेजारच्या आगरात पडलेला नारळ उचलला म्हणून लहानपणी अलीमियाँनं कानाखाली खाल्ली होती. नारळ परत घेतला ते वेगळंच. तेव्हापासून जमीन म्हटलं की हा माणूस हातातलं काम टाकून ऐकत राहायचा. आणि नशिबानं नेऊन टाकला अशा मुलखात, जिथं परक्याला वीतभर जमीन घेता येत नाही. मनामाच्या कडेला समुद्रात भराव घालून नवीन जमीन काढायचं काम चालायचं. सुट्टीच्या दिवशी हा तिथं जाऊन उभा राहायचा. ट्रकांमागून ट्रक रेती ओतायचे आणि हा बघत राहायचा, उपाशी माणूस मिठाईच्या दुकानासमोर उभा राहतो तसा. बरोबरचे लोक सिनेमाला जायचे. याला कोणी बोलवायचं बंद केलं होतं.

मग कुवेतची लढाई झाली. इथलं उद्या काही राहील की नाही, कोणी सांगावं? करंजखोलचा खिजर म्हणाला, मुंब्र्याला फ्लॅट घेतो, मुलं तिथं शिकतील, गावच्या जमिनीचं काय लोणचं घालायचंय. खिजरचा गडगा अलीमियाँच्या गडग्याला लागून. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं. अलीमियाँ "घेतो" म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला.

आता गंमत बघा. खिजरचं ठिकाण घेतलं तसा अलीमियाँचा गडगा पुढं सरकला. काल जो खिजरचा शेजारी होता तो आज अलीमियाँचा शेजारी झाला. त्यानं विकायला काढलं की पुन्हा पहिला मान कोणाचा? अलीमियाँचाच. तेही घेतलं, की आणखी पुढचा शेजारी. असं करत करत चार-पाच वर्षांत वरची वाडी त्याच्या नावावर झाली, मग खालची, मग मशिदीकडची. मागायला तो कोणाच्या दारात गेला नाही. लोक आपण होऊन विचारत गेले आणि हा 'घेतो' म्हणत गेला. ओव्हरटाइम केला, मटण सोडलं, एका खोलीत सहाजणांत राहिला. हॉटेलात शिरला की पोरं उठून म्हणायची, "या या, खोतसाहेब." तो लाजायचा, पण त्याला आवडायचं. का नाही आवडणार? कानाखाली खाल्लेलं पोर होतं ते.

शहाण्णव साली तो सुट्टीवर गावी गेला. पहिल्या सकाळी गडग्या-गडग्यानं चालायला निघाला. मोठ्या हौसेनं निघाला होता. चालता चालता त्याच्या लक्षात आलं, आपल्याला कोणी सलाम केला नाही. करणार कोण? खिजरच्या दाराला कुलूप, पलीकडं कुलूप, त्याच्या पलीकडं कुलूप. ओट्यांवर पाचोळा साचलेला. मशिदीत इमामाच्या मागं तिघंजण उभे, तेही गुडघे धरून. सगळी कुलपं याच्याच मालकीची, आणि आत माणूस नाही. घरी येऊन तो चहा न पिता बसून राहिला.

त्याची बायको शरीफुन्निसा भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "बघितलात तुमचा मुलूख? आता सायराच्या घरची बत्ती तेवढी दिसते मला. ती हाय म्हणून मी हाय."

सायरा म्हणजे जमालुद्दीनची बायको. जमालुद्दीन इथं बहारीनमध्येच, अरादला राहायचा आणि सलमानियाला एका लॉन्ड्रीत कामाला जायचा. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक गडगा, आणि त्यातले दगड बायकांनी केव्हाच काढून ये-जा करायला वाट केलेली. विहीर एक. कालवण इकडचं तिकडं. शरीफुन्निसाला दोन्ही बाळंतपणांत सायरानंच बघितलं. दोन्ही वेळा अलीमियाँ इकडं होता. मुली मोठ्या झाल्या, लग्न होऊन गेल्या, तेव्हाही मांडवात राबली सायरा, तो पाहुण्यासारखा आलेला. करंजखोलमध्ये त्याचं नसलेलं एवढं एकच ठिकाण उरलं होतं, जमालुद्दीनचं. आणि ते आपल्याला कधी मिळू नये, अशी दुआ तो त्या सुट्टीत करून आला. जमिनीला हपापलेल्या माणसानं अशी दुआ करावी, म्हणजे काय वाटलं असेल बघा त्याला.

वर्ष झालं असेल नसेल. उन्हाळ्यातला शुक्रवार, हवेत अशी दमट काहिली की शर्ट अंगाला चिकटून बसला होता. चहा आला. जमालुद्दीननं घसा साफ केला. अलीमियाँनं मान खाली घातली, जणू न बघितलं तर तो बोलणार नाही.

"अलीभाई, ठिकाण काढतोय. तुमाला विचारल्याबिगर कसा देईन? मुंबईची पार्टी मागं लागलेय, त्यांना तिथं हॉटेल बांधायचंय. पण पहिला मान तुमचा."

"काढतोस कशाला? काय कमी हाय तुला?"

"सायराला नातवंडांत राहायचंय. मुंब्र्याला बघितलाय फ्लॅट, पोरग्याच्या जवळच."

अलीमियाँनं कधी नव्हे ते घाईघाईनं बोलायला सुरुवात केली. मी घेतो, म्हणाला, पैसे पूर्ण देतो, पण तुम्ही घर सोडू नका. नावावर माझ्या, राहा तुम्हीच. भाडं नको, काही नको. सायराभाबी तिथंच राहू देत.

जमालुद्दीनचा चेहरा पडला. रागावला नाही तो, पण कप खाली ठेवला. "आमच्या बापाच्या घरात तुमचं कूळ म्हणून राहू? नाय अलीभाई. पुढच्या शुक्रवारी हो की नाय ते सांगा."

टेबलावरचे सगळे इकडंतिकडं बघायला लागले. कोणीतरी उगाच साखर मागितली.

संध्याकाळी अलीमियाँ कार्डाच्या फोनपाशी रांगेत उभा राहिला. त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पंचवीस वर्षं जो शब्द त्यानं पुढं ढकलला, तो आज बोलायचा. शरीफुन्निसा फोनवर आली तसा तो म्हणाला, "सायराभाबी चाललेय, कळलं. तू घाबरू नको. मी नोकरी सोडतो. कायमचा येतो."

तिकडून नुसती खरखर आली. त्याला वाटलं लाइन गेली.

"ऐकतेस ना?"

"ऐकते." मग ती हळूच म्हणाली, "येऊन काय करशाल? सकाळी उठून गडग्यानं चालशाल आणि मी घरात एकटी. तुमी वाईट नाय हो. पैसे पाठवलात, कशाला कमी केलं नाय. पण दोन वर्सांनी दोन महिने येताव तुमी. माझा संसार तर सायरासंगती झालाय."

बाई खोटं बोलत नव्हती. निदान रागावून बोलली असती तरी बरं झालं असतं. ती तर समजुतीनं बोलत होती.

"तिच्या समोरच्या दाराचा फ्लॅट रिकामा हाय," ती पुढं म्हणाली. "मी फ्लॅटवाल्यांना थांबवून ठेवलंय. घ्याल मला?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं त्याला आठवेना.

तो आठवडा त्यानं कसा काढला, त्याचं त्याला माहीत. दुकानात पांढऱ्याच्या जागी राखाडी डबे दिले, मालकाची बोलणी खाल्ली. पैसा होता तो एकाच गोष्टीला पुरणारा. जमालुद्दीनचं ठिकाण घेतलं तर डोंगरापासून खाडीपर्यंत अख्खा करंजखोल त्याचा. मधे एकसुद्धा परका गडगा नाही. लहानपणापासून जे डोळ्यांसमोर होतं ते हातभर अंतरावर आलं होतं. सोडलं तर ते मुंबईच्या पार्टीकडं जाणार, तारेचं कुंपण पडणार, आणि गाव कायम म्हणत राहणार, अलीमियाँनं बाहेरच्याला आत घेतला. घेतलेल्यांपैकी एखादं ठिकाण विकावं म्हटलं, तर ते काय आठ दिवसांत विकलं जातं? आणि समोरचं दार तोवर थांबतंय कशाला?

शुक्रवारी हॉटेल भरलेलं. बातमी फुटली होती. अराद, मुहर्रक, कुठून कुठून लोक आले होते. खोत आज गाव पुरा करणार, म्हणून एकानं मिठाईचा पुडासुद्धा आणला होता. जमालुद्दीननं रीतीप्रमाणं विचारलं, "बोला अलीभाई. घेताव?"

"नको," अलीमियाँ म्हणाला.

कोणाला ऐकू आलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. "मला नको. तू दे ज्याला द्यायचं त्याला."

मिठाईचा पुडा तसाच राहिला. दोन-तीन म्हातारे चहा न घेता उठले, जाताना त्यांनी अलीमियाँकडं बघितलंही नाही. जमालुद्दीन मात्र बसून राहिला. त्यानं अलीमियाँचा हात धरला आणि म्हणाला, "तुमच्या घरच्यांना समोर बघून सायरा खूष होईल." खोतसाहेब ही हाक त्या दिवशी बंद झाली ती पुन्हा कोणी मारली नाही.

फ्लॅट झाला. शरीफुन्निसा आणि सायरा एकाच टेम्पोत सामान भरून गेल्या. जायच्या दिवशी दोघी रडल्या आणि टेम्पो सुटल्यावर वाटेत हसल्या, असं जावयानं फोनवर सांगितलं. करंजखोलच्या घराला कुलूप लागलं.

पंधरा दिवसांनी अलीमियाँनं मुंब्र्याला फोन लावला. मागं कुकरची शिट्टी, पोरांची कलकल, कोणीतरी दार वाजवतंय, आणि शरीफुन्निसा एका दमात बोलत सुटलेली. नळाला पाणी सकाळी येतं. खालीच बाजार आहे. सायराचा नातू इथंच जेवतो. दोघींची दारं दिवसभर उघडी असतात, शेजारीण म्हणते तुम्ही एकच फ्लॅट घ्यायला हवा होता. ती हसत होती. तिचा हा आवाज त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकला होता. त्याला बरं वाटलं, मनापासून बरं वाटलं. "आले ग," ती मधेच कोणालातरी ओरडून म्हणाली, आणि मग त्याला, "ठेवते हां. सायरा बोलावतेय."

फोन ठेवून तो रांगेतून बाजूला झाला. मागच्या माणसानं "खलास?" म्हणून विचारलं तशी त्यानं मान हलवली. सूकच्या कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं, एकही फोन न चुकता, ती ठेवताना विचारायची, "कधी येताव?" आज तिनं विचारलं नव्हतं. विसरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि पुढच्या जुम्म्याला पुन्हा फोन लावला. त्या दिवशीही ती छान बोलली. त्या दिवशीही तिनं विचारलं नाही.