मल्हारीची चौथी बॅच

मार्चची भर दुपार. कावळेसुद्धा पाण्याच्या टाकीमागची सावली धरून गप्प बसलेले. अशा वेळी मल्हारी गच्चीवर, उघड्या डोक्यानं, डावा हात पुढे पसरून मांडी घालून बसला होता. मनगटापासून कोपरापर्यंत चिकटपट्टीनं आखलेले चार चौकोन आणि चारींवर पांढरा लेप. शेजारी मनगटी घड्याळ उतरवून ठेवलेलं. शर्टाच्या खिशात दोन खडू, एक निळा नि एक लाल.

"अहो, डोकं फिरलंय का तुमचं?" त्याची बायको आक्काबाई जिन्यातूनच ओरडली. "लोक ऊन लागू नये म्हणून मलम लावतात. तुम्ही मलम लावून उन्हात बसलात!"

"सँपल टेस्ट चालूये. मधी बोलू नको."

"पण पास कोण होणार? मलम का तुम्ही?"

मल्हारीनं नुसतं घड्याळाकडं बघितलं. टेस्ट चालू असताना बोलायचं नाही हा त्याचा जुना नियम. अंबडच्या एका रबर कंपनीत तो एकतीस वर्षं मिक्सिंग मिलवर होता. मिल म्हणजे दोन जाड लोखंडी रूळ. त्यांच्यात रबर घालायचं, त्यावर पावडरी टाकायच्या आणि सगळं एकजीव होईपर्यंत फिरवत राहायचं. मग निघते ती शीट. बरी निघाली तर निळ्या खडूची टिक, बिघडली तर लाल फुली. मल्हारीच्या शीटवर दुसऱ्या कुणी कधी लाल फुली मारली नाही. हे कंपनीतलं कुणी सांगत नाही, मल्हारी स्वतःच सांगतो, आणि दिवसातून दोनदा सांगतो. शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं शिकला ती पोत्यांवरची. पेन्शनीत गेल्यावर मिल सुटली, खडू काही सुटले नाहीत. आक्काबाईच्या भाकरीलासुद्धा कधीमधी निळी टिक मिळते, ताटाच्या कडेवर.

मलमाचा खटाटोप होता नातीसाठी. तेजल बारा वर्षांची. नाशकात सिडकोच्या मागच्या अंगाला त्यांची वसाहत आहे, तिथून चौदा एप्रिलला सकाळी मिरवणूक निघते. पुढे निळे झेंडे, मागे मुलींचं लेझीम पथक. तेजल पहिल्या ओळीतली. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या ओठांच्या कडेला, पापण्यांवर आणि हातांच्या पाठीवर पांढरे डाग उठले. कोड. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ते पाप नाही आणि कुणाची नजरही नाही. कातडीत रंग बनायचा थांबतो, एवढंच. ज्याला हे पटत नाही त्यानं आक्काबाईसमोर एकदा तोंड उघडून बघावं. शेजारच्या मंगलाबाईनं बघितलंय, ती आता रस्ता बदलून जाते.

रंग नाही म्हणजे उन्हाला अडवणारं कुणी नाही. मागच्या वर्षी मिरवणूक रखडली, दुपार झाली. पोर भाजून घरी आली. ओठाजवळ फोड, डोळे सुजलेले. आठ दिवस शाळा नाही. तिची आई संजना, मल्हारीची सून, आशाताई आहे, वस्तीतल्या बायकांची बाळंतपणं आणि लेकरांचे डोस हे तिचं काम. तिनं त्याच दिवशी सांगून टाकलं, "यापुढे लेझीम नाही. विषय संपला."

तेजल रडली नाही. लेझीम तिनं कपाटावर नेऊन ठेवलं आणि त्या दिवसापासून कपाटाकडं बघायचं सोडलं. मल्हारीला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं.

सरकारी दवाखान्यातून तिला उन्हासाठीच्या मलमाची ट्यूब मिळायची. पोर ती टिकलीसारखी ठिपका-ठिपका लावायची, संपू नये म्हणून. एकदा मल्हारीनं भिंग घेऊन त्या ट्यूबवरचं बारीक इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचलं आणि जागेवरून उठलाच.

"झिंक ऑक्साइड! अगं आक्के, झिंक! हे तर मी पोत्यानं उचललंय! संध्याकाळी टोपी झटकली तर पावशेर निघायचं!"

"मग टोप्या धुतल्या मी उगीचच," आक्काबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जुना साथीदार सोमनाथ कंपनीतून पोत्याच्या तळाला उरलेली पावडर घेऊन आला, पोत्यासकट. खोबरेल घरचं. मधमाश्यांचं मेण पेठच्या बाजारातून. तेजलनं मोबाइलवर बघून कोणतं आधी नि कोणतं नंतर ते सांगितलं, पण मल्हारीनं अर्ध्यातच मोबाइल पालथा ठेवला. "ही बाई चमच्यानं ढवळतीये. चमच्यानं काय मिक्सिंग होतं? रूळ लागतात!" घरात रूळ कुठले? पाटा-वरवंटा होता. झालं. पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण वितळवलं, तेल घातलं, पावडर आक्काबाईच्या जुन्या पातळातून चाळली आणि म्हातारा पाट्यावर असा जुंपला की घाम नाकावरून टपकायला लागला. पहिली बॅच खडूसारखी फुटली. दुसरी तुपासारखी वाहिली. तिसरी बरी होती, पण त्या दिवशीच्या चटणीला कंपनीचा वास आला आणि आक्काबाईनं अर्धा तास तोंड चालवलं.

चौथी मात्र जमली. चार चौकोनांवर चार बॅचचं मलम लावून तो तीन दिवस दुपारी गच्चीवर बसला. तिसऱ्या दिवशी पुसून पाहिलं. सगळा हात रापून काळाकुट्ट, पहिले तीन चौकोन थोडेफार उजळ आणि चौथा खिडकीसारखा लख्ख. मल्हारी चौसष्टाव्या वर्षी जिना दोन-दोन पायऱ्या सोडत उतरला. डबीच्या झाकणावर निळी टिक मारली.

"तेजल! चल, तोंड धुऊन ये. यंदा पहिली ओळ!"

पोरीनं आधी कपाटाकडं बघितलं. मग तोंड धुऊन आली आणि डोळे घट्ट मिटून, हनुवटी वर करून समोर उभी राहिली. मल्हारीनं दोन बोटं डबीत बुडवली.

"मामा, थांबा!"

संजना दारात उभी होती. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, उन्हातून चालून चेहरा तापलेला.

"पावडर कुठली?"

"झिंक. ट्यूबवर तेच लिहिलंय, बघ वाचून."

"ते कळलं. आणली कुठून?"

"सोमनाथनं दिली. एक नंबर माल."

"कंपनीतली? टायरची?"

"टायरची नाय," मल्हारी छाती काढून म्हणाला, "गॅस्केटची."

संजनानं पुढं होऊन त्याची दोन बोटं पदरानं पुसली. हळू पुसली, पण पुसली. "मामा, औषधाची पावडर वेगळी साफ करतात. कारखान्याच्या पावडरीत शिसं राहतं. रबराला चालतं ते. पोरीच्या ओठाला नाही चालत. आणि पाट्यावर वाटलीत? ज्याच्यावर आपण चटणी वाटतो?"

"शिसं-बिसं काय नसतं! हातावर टेस्ट केलीये मी!"

"तुमच्या हाताला रंग आहे. तिच्या ओठाजवळ तोही नाही."

आता मल्हारीचा आवाज चढला. "एकतीस वर्षं! एकतीस वर्षं ह्याच पावडरीत उभा होतो मी! नाकातोंडात जायची! काय झालं मला? सांग, काय झालं?"

आणि नेमका तेव्हाच खोकला आला. रोज पहाटे येतो तोच, छातीच्या तळातून ओढून काढणारा. थांबता थांबेना. घरात कुणी हसलं नाही. आक्काबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. तेजलनं डोळे उघडले होते.

"मला भांडायचं नव्हतं, मामा," संजना एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मल्हारी डबी घेऊन गच्चीवर गेला. राग डोक्यात घेऊन गेला होता, सोमनाथचं पोतं दाखवून सुनेला गप्प करायचं ठरवून. पोतं उलटं केलं, भिंग काढलं. एकतीस वर्षं त्यानं पोती वरून ब्लेडनं कापली होती, माल आणि वजन तेवढं वाचलं होतं. तळाची ओळ कधी वाचायची वेळच आली नाही. आता एकेक अक्षर लावलं. फक्त कारखान्याच्या वापरासाठी. अंगाला लागू देऊ नये.

त्यानं भिंग पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याच्यातला मिलवाला जागा झाला. शीट खरी की खोटी हे वरून बघून कळत नाही, कापून बघावं लागतं. त्यानं घट्ट झालेलं मलम ब्लेडनं उभं कापलं आणि कापलेला भाग उन्हाकडं धरून भिंगाखाली घेतला. आत रव्यासारखे पांढरे कण. कणाकणांच्या मधे नुसतं तेल. म्हणजे इथं भिंत आणि शेजारीच भगदाड. हाताच्या जाड कातडीला ते चाललं. तेजलच्या पापणीवर त्या भगदाडातून ऊन सरळ आत गेलं असतं. असली शीट कंपनीत त्याच्या पुढ्यात आली असती, तर त्यानं समोरच्याच्या अंगावर फेकली असती.

खाली आला तेव्हा डबीवरची निळी टिक पुसलेली होती. तिच्या जागी लाल फुली.

"रिजेक्ट," तो म्हणाला.

"कुणी केली?" आक्काबाईनं विचारलं.

"मी केली. दुसऱ्या कुणाची हिंमत हाय?"

तेजलचा आवाज बारीक झाला. "म्हणजे लेझीम नाही ना, आबा?"

मल्हारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बॅच गेली, पोरी. ऑर्डर नाय गेली." मग आतल्या खोलीकडं तोंड करून जरा मोठ्यानं म्हणाला, "संजना, उद्या दवाखान्यात मी पण येतो. काय खरं असेल ते डॉक्टरच्या तोंडून ऐकू. मग तू म्हणशील ते."

दुसऱ्या दिवशी कातडीच्या डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डबीसुद्धा बघितली. "आजोबा, तुमच्यासारखं कापून कुणी बघत नाही," त्या म्हणाल्या. "पावडर औषधाची आणलीत तरी हेच होईल. घरात ती सारखी पसरत नाही, आणि किती ऊन अडतंय ते मोजायला तुमच्याकडं काही नाही. ट्यूबच लावा. पण हे ठिपके कुणी शिकवले?" तेजलनं मान खाली घातली. "दोन बोटं भरून घ्यायची, चेहरा नि मान. हातांना वेगळी. दर दोन तासांनी परत. संपली तर मागायची, लाजायचं नाही. टोपी, लांब बाह्या. आणि दहाच्या आत घरात. एवढं पाळलं तर नाचू दे तिला."

संजनानं सासऱ्याकडं बघितलं. "दहाच्या आत? आपली मिरवणूक निघतेच दहाला."

"निघत होती," मल्हारी म्हणाला.

त्या रविवारी जयंती समितीची बैठक विहारात होती. अध्यक्ष पुंजाराम कागद वाचत होते. मिरवणूक सकाळी दहा, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते.

"सात," मल्हारी मागून म्हणाला.

"काय सात?"

"मिरवणूक सातला."

"मल्हारीभाऊ, पाहुण्यांना सात जमत नाही."

"मग त्यांनी दुपारी यावं. भाषण मंडपात, पंख्याखाली, निवांत. मागच्या साली साडेअकराला आले. तोवर पोरी डांबरावर उभ्या. तिकडं पिंपळगावला जाऊन बघा, द्राक्षाच्या घडाला ऊन लागू नये म्हणून एकेका घडाला कागद गुंडाळतात. घडाला कागद, आणि आपल्या पोरींना काय? पाहुण्याची वाट?"

थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "एका पोरीसाठी सगळ्या वसाहतीची वेळ बदलायची का?"

मल्हारीचं तोंड उघडायच्या आत बायकांच्या बाजूनं आक्काबाई उठली. "का? एका पाहुण्यासाठी सगळी वसाहत थांबत होतीच की दर साली!"

बायका अशा हसल्या की पुंजारामांनाही हसू आवरेना. त्यांनी पेन काढला, दहाचा आकडा खोडला आणि सात लिहिला. तेव्हा टाळी वाजवणारी पहिली बाई मंगलाबाई होती. आक्काबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटीभर खीर तिच्या घरी गेली.

पाटा गच्चीवर ताडपत्री दाबायला गेला, घरात नवा आला. पावडर पोत्यासकट सोमनाथच्या हवाली. उरलेल्या मेणातून आणि खोबरेलातून पाचवी बॅच निघाली, बिनपावडरीची, आक्काबाईच्या फुटलेल्या टाचांसाठी. तिला निळी टिक मिळाली. आक्काबाई म्हणते लग्नानंतर पहिल्यांदाच ह्या माणसानं काहीतरी उपयोगाचं केलं.

चौदा एप्रिलला सहा वाजता संजनानं तेजलला समोर बसवलं. दोन बोटं भरून ट्यूब, कमी नाही. पोर पांढरीफटक दिसायला लागली.

"आई, भूत दिसतीये मी!"

"दिस. पुसायचं नाही."

निळी टोपी, लांब बाह्यांचा पांढरा सदरा. लेझीम कपाटावरून मल्हारीनं काढून दिलं, धूळ त्यानं आदल्या दिवशीच पुसून ठेवली होती. सातच्या ठोक्याला ताशा कडाडला. तेजल पहिल्या ओळीत. मल्हारी कडेकडेनं चालत होता, एका हातात घड्याळ, खिशात ट्यूब. आठ वाजायला पाच कमी असताना त्यानं भर रस्त्यात ताशेवाल्याला हात केला, नातीला झाडाखाली ओढलं आणि तोंडाला परत दोन बोटं. ताशेवाला काय बोलणार? गेल्या बैठकीत तोही होता.

साडेनऊला सगळे घरी. तेजलनं तोंड धुतलं आणि ओट्यावर येऊन उभी राहिली. मल्हारीनं भिंग काढलं. पापण्या बघितल्या, ओठांच्या कडा, हातांच्या पाठी. पुन्हा पापण्या. कुठं लाली नाही, कुठं फोड नाही. डाग जसे होते तसे, शांत.

"आबा, निकाल सांगा ना!"

मल्हारीनं निळा खडू काढला. कातडीवर खडू नको म्हणून तिनंच लेझमाची मूठ पुढे केली. त्यानं टिक मारली, मोठी, लाकडावर उमटेपर्यंत दाबून.

"झालं?" संजना आतून चहा घेऊन आली. "आता दुसरी टेस्ट. उद्या आठ वाजता दवाखान्यात. छातीचा फोटो. चिठ्ठी काढून ठेवलीये मी."

"मला काय झालंय? एकतीस वर्षं..."

तेजलनं त्याच्या खिशातला लाल खडू केव्हाच काढून घेतला होता आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यापाशी, बरोबर छातीसमोर, तो धरून उभी होती.

"येतो," मल्हारी म्हणाला. "आठला ना? येतो. खडू दे इकडं."