सगुणच्या विहिरीचं पाणी

माझा धाकटा भाऊ सगुण जन्मभर हरमलातच राहिला. मी लग्न होऊन लाटंबार्स्याला गेले, डोंगराकडे. दर वैशाखात काजूबिया घेऊन, म्हापशाला बस बदलून माहेरी जायची आणि येताना पिशवीभर सुक्या मिरच्या आणायची. मिरची सगळीकडे होते, पण सगुणच्या मिरचीला त्याच्या विहिरीची चव होती.

विहीर समुद्रापासून शंभर पावलांवर. मध्ये फक्त वाळूची टेकडी. तिच्यावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली आणि मधूनमधून रावणाच्या मिशा. हे एक गवत, टोकं सुईसारखी. पायात घुसली की आई आठवते. पण विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं. बाप म्हणायचा, टेकडी पाऊस पिते आणि वर्षभर विहिरीला पाजते. माणसांच्या वाटेने कुठे वेल तुटली असेल तिथे तो श्रावणात तिचे तुकडे पुरायचा. बाप गेल्यावर सगुण पुरू लागला.

गोव्याचं राज्य झालं त्याच्या तिसऱ्या वर्षी सगुणचा मुलगा बाबली म्हणाला, टेकडी सपाट करून झोपड्या घालूया. भाड्याने राहणाऱ्या गोऱ्या पर्यटकांना खाटेवरून समुद्र दिसला पाहिजे.

"उठून चार पावलं चालली तर काय पाय झिजतील त्यांचे?" मी विचारलं.

"आत्ये, त्या मिशा टोचतात त्यांना."

"त्यांना म्हणावं, आधी कपडे घाला, मग चपला."

बाबली हसला. सगुण हसला नाही. मुलाला नाही म्हणवेना आणि होय म्हणायला जीभ उचलेना. मग अशा वेळी आमच्याकडे करतात तेच त्याने केलं, देवाला कौल लावला. गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगुणने हात जोडून विचारलं, "बाबलीचा धंदा चालेल काय?"

उजवी पाकळी टपकन पडली.

चार दिवस सगुणने स्वतः कुदळ मारली. मिशांनी त्याचे दोन्ही हात रक्ताळले.

धंदा चालला. देव खोटं बोलला नाही. दिवाळीपासून झोपड्या भरायच्या त्या होळीनंतरच रिकाम्या व्हायच्या. पण खारा वारा आता थेट मळ्यात येऊ लागला आणि मिरचीची पानं कडेने जळू लागली. दोन पावसाळ्यांत समुद्राने उरलीसुरली वाळूही ओढून नेली.

त्यानंतरच्या वैशाखात मी गेले तर सगुणची बायको भाग्यलक्ष्मी चहा करत होती. दूध फाटलं. दुसऱ्यांदा ठेवलं, तेही फाटलं.

"वन्सं, दूध आत्ताच काढलेलं आहे हो," ती रडवेली झाली.

मी कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं. खारट.

सगुण उंबऱ्यावर बसून होता. "देवाने होय म्हटलं होतं गे बाय."

"तू विहिरीचं विचारलंस काय त्याला?"

तो उंबऱ्यावरची वाळू बोटाने गोळा करू लागला.

"मग न विचारलेलं तो कसं सांगणार? तो काय तुझी बहीण आहे?"

असं बोलायला नको होतं. त्या दिवसापासून तो माझ्याशीच नव्हे, कोणाशीच फार बोलेना. श्रावण आला की वेलीचे तुकडे शोधायला दुसऱ्या गावच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचा, आणून पुरायचा. गणपतीपर्यंत कोंब यायचे. दिवाळीनंतर बाबली त्यांच्यावरच खुर्च्या मांडायचा. अशी सहा वर्षं. मिरचीचं बीसुद्धा राहिलं नाही.

सातव्या वर्षी सगुण अंथरुणाला खिळला. मी पोचले तेव्हा दुपार होती, बाहेर झोपड्यांत गाणी लागलेली. आमच्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या विहिरीचं पाणी घालतात. बाबली बाटलीचं पाणी घेऊन दारात उभा होता, आत यायला धजत नव्हता. मी विहिरीवर गेले, कळशी ओढली, चाखली आणि ओतून टाकली. बाबलीच्या हातातली बाटली घेतली, पाणी तांब्यात ओतलं, त्यात तुळशीचं पान बुडवलं.

"आपल्याच विहिरीचं आहे रे," मी म्हटलं.

सगुणने ओठ ओले केले. थोडा वेळ चव बघत राहिला.

"खोटं बोलतेस गे बाय," तो म्हणाला. "गोड लागतंय."

आणि त्याने तोंड मिटून घेतलं. दुसरा थेंब काही घेतला नाही.